2008 च्या गृहकर्ज संकटाचं खापर नक्की कुणावर? (मुलाची डिबेट आहे)

जर्सीकर_बाबा

मंडळी, जरा घाईत विचारतोय. माझा मुलगा अकरावीत आहे. शाळेच्या डिबेटला विषय आलाय : "2008 च्या आर्थिक संकटाला सरकारचं गृहनिर्माण धोरण जबाबदार होतं." चिठ्ठ्या टाकल्या आणि त्याच्या वाट्याला 'होतं' ही बाजू आली. त्याला स्वतःला ती पटत नाही, पण बोलायचं तर आहे.

आम्ही अमेरिकेत आलो 2014 ला. तोवर सगळं शांत झालं होतं, त्यामुळे मला सांगता येण्यासारखं काही नाही. ऑफिसात विचारलं तर एक जण म्हणतो की कार्टर आणि क्लिंटननी बँकांना ऐपत नसलेल्यांना कर्ज द्यायला लावलं, म्हणून झालं. दुसरी म्हणते, रिपब्लिकनांनी सगळे नियम मोडीत काढले, म्हणून झालं. दोघंही इतक्या खात्रीने बोलतात की मधे प्रश्न विचारायची सोय नाही.

तेव्हा इथे असलेल्या, शक्यतो त्या धंद्याच्या जवळपास असलेल्या कुणी सांगाल का? फक्त "दोन्ही पक्ष एका माळेचे मणी" हे उत्तर नको. ते मलाही देता येतं.

डॅलसचा_नाना

तुमच्या मुलाची बाजू भक्कम आहे, त्याला घाबरू नको म्हणावं. क्रमाने सांगतो.

1977 : कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट ॲक्ट, म्हणजे सीआरए. कार्टरची सही. जिथून ठेवी घेता तिथल्या गरीब वस्तीतही कर्ज द्या, असा बँकांना आदेश.
1992 : फॅनी मे आणि फ्रेडी मॅक (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या, सरकारने स्थापलेल्या दोन कंपन्या) यांनी विकत घेतलेल्या कर्जांपैकी ठरावीक हिस्सा कमी उत्पन्नाच्या लोकांचा असलाच पाहिजे, असा कायदा. हा हिस्सा गृहनिर्माण खातं ठरवणार. 2001 पासून 50 टक्के, मग चढत चढत 56.
1995 : क्लिंटनचं घरमालकी वाढवण्याचं राष्ट्रीय धोरण.
2003 : फॅनी-फ्रेडीवर कडक देखरेख आणायची चर्चा निघाली, तेव्हा डेमोक्रॅट बार्नी फ्रँक साहेब भर सुनावणीत म्हणाले की परवडणाऱ्या घरांसाठी आपण फासे आणखी थोडे टाकून बघू. फासे! लोकांच्या पैशाने!
2005 : सेनेटच्या बँकिंग समितीत देखरेखीचं विधेयक आलं. एकूण एक डेमोक्रॅट विरोधात.

आणि शेवटी सप्टेंबर 2008 मध्ये फॅनी-फ्रेडी सरकारच्या ताब्यात. याहून सरळ हिशेब कुठला?

अटलांटिक

नाना, 2005 मध्ये सेनेटमध्ये रिपब्लिकन 55 होते. समितीत विधेयक मंजूरही झालं होतं. मग ते सभागृहात मतदानाला का आलं नाही, हे सोयीस्करपणे गाळलंत.

माझी यादी अशी. 1999 : ग्रॅम-लीच-ब्लायली कायदा, ठेवींच्या बँका आणि गुंतवणूक बँका वेगळ्या ठेवणारी ग्लास-स्टीगलची भिंत पाडली, ज्यांच्या नावाने कायदा आहे ते तिघंही रिपब्लिकन. 2000 : त्या तिघांतले सेनेटर फिल ग्रॅम यांच्याच पुढाकाराने डेरिव्हेटिव्ह (कर्जासारख्या दुसऱ्या कशावर तरी लावलेले पैजेसारखे करार) नियमनाबाहेर ठेवणारा कायदा. त्याचा हिशेब एआयजी या विमा कंपनीने चुकवला, म्हणजे करदात्याने. सुरुवातच 85 अब्ज डॉलरपासून. जून 2003 : फेडचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, व्याजदर 1 टक्का. आणि त्याच वर्षीचा तो फोटो शोधून मुलाला दाखवा : नियमांच्या कागदांचा लाल फितीत बांधलेला ढीग, आणि बचत बँकांवर देखरेख करणाऱ्या ओटीएसचे प्रमुख हातात चेनसॉ घेऊन हसतायत. शेजारी बँकांचे लॉबीवाले बागेच्या कात्र्या घेऊन. याच ओटीएसकडे वॉशिंग्टन म्युच्युअल आणि इंडीमॅक या बचत बँका होत्या, एआयजीची वरची देखरेखही होती. तिन्हींचं काय झालं ते जगाने पाहिलं.

फाइलवाली

नाना आणि अटलांटिक, तुमच्या याद्यांतली बरीचशी वाक्यं खरी आहेत. पण दोन्ही याद्या वॉशिंग्टनमध्ये सुरू होतात आणि वॉशिंग्टनमध्येच संपतात. मधे ज्या कर्जांवरून हे रामायण झालं ती कर्जं कुठेच दिसत नाहीत. मी ती बघितली आहेत. म्हणून जरा लांब लिहिते, बाबा, चालवून घ्या.

2004 ते 2007 मी कॅलिफोर्नियात, ऑरेंज काउंटीत ड्यू डिलिजन्सचं काम करत होते. कंपनीचं नाव सांगणार नाही. काम असं : वॉल स्ट्रीटची एखादी बँक कर्ज कंपनीकडून हजार-दोन हजार कर्जांचा गठ्ठा विकत घेणार. घ्यायच्या आधी त्यातल्या काही फाइली नमुन्यादाखल तपासून बघायच्या. ते बघायला आमच्यासारखे कंत्राटी लोक, तासावर पैसे. कर्ज कंपनीच्याच ऑफिसात एक बिनखिडकीची खोली द्यायचे, लांब टेबल, लॅपटॉप, आणि ट्रॉलीवरून येणाऱ्या जाड फाइली.

प्रत्येक फाइलला आकडा द्यायचा. 1 म्हणजे नियमांत बसते. 2 म्हणजे बसत नाही, पण भरपाई होईल असं काहीतरी आहे, उदाहरणार्थ बँकेत बरी शिल्लक आहे. 3 म्हणजे नापास.

आता एक फाइल उघडून दाखवते, म्हणजे त्या खोलीत काय यायचं ते कळेल. चार लाख डॉलरचं कर्ज. अर्जदार बाई, घरं साफ करण्याचा स्वतःचा धंदा. उत्पन्न महिना 9,200 डॉलर. पुरावा? काही नाही. 'स्टेटेड इन्कम', म्हणजे तिने सांगितलं आणि ब्रोकरने लिहिलं. बहुतेक वेळा ब्रोकरनेच लिहिलं आणि तिने सही केली, कारण अर्ज इंग्रजीत आणि बाई स्पॅनिश बोलणारी. कर्जाचा प्रकार 2/28. पहिली दोन वर्षं साडेसात टक्के बांधील दर, पुढची अठ्ठावीस वर्षं लायबोर (बँकांचा आपसातला बदलता व्याजदर) अधिक सहा टक्के. हप्ता सुरुवातीला सुमारे 2,800. पहिल्या बदलात दर तीन टक्के चढला की तोच हप्ता 3,600 च्या पुढे. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड. आणि डाउन पेमेंट शून्य, कारण ते चार लाख म्हणजे किमतीच्या 80 टक्के होते, आणि उरलेल्या 20 टक्क्यांसाठी वेगळ्या दराचं दुसरं कर्ज होतं.

त्याच फाइलमध्ये एक फॉर्म असायचा, 4506-टी. त्यावर कर्जदाराची सही असली की कर्ज देणारा थेट आयआरएसकडून, म्हणजे आयकर खात्याकडून, तिच्या कर-विवरणाचा उतारा मागवू शकतो. म्हणजे 9,200 खरे की खोटे याचा निकाल काही दिवसांत लागला असता. जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये तो फॉर्म सही करून ठेवलेला असायचा. पाठवलेला मात्र क्वचित. मी एकदा टीम लीडला विचारलं की हा पाठवत का नाहीत. तो म्हणाला, "उत्तर आलं तर फाइलला लावावं लागेल ना."

मी 3 दिला. संध्याकाळी यादी परत आली तेव्हा त्या फाइलपुढे 'माफ' अशी खूण होती. गठ्ठा घेणाऱ्या बँकेने ती तशीच घेतली. हे माझ्या एकटीच्या खोलीत घडत नव्हतं. क्लेटन नावाची या कामातली मोठी कंपनी होती. तिचे आकडे 2010 मध्ये सॅक्रामेंटोला या संकटाच्या सरकारी चौकशी आयोगापुढे आले : जानेवारी 2006 ते जून 2007 मध्ये तपासलेल्या नऊ लाखांवर कर्जांपैकी 28 टक्के नियमांत बसत नव्हती, आणि त्यांतली 39 टक्के तरीही घेतली गेली. हे फक्त नमुन्यातलं. पुढे पुढे नमुनाच दोन-तीन टक्क्यांवर आला. उरलेला गठ्ठा कुणी उघडूनही बघितला नाही.

आता या फाइलवर बसून तुमच्या याद्या वाचू.

सीआरए. हा कायदा ठेवी घेणाऱ्या बँकांना लागू आहे. त्या खोलीत आलेल्या कर्ज कंपन्या ठेवी घेतच नव्हत्या. त्या वॉल स्ट्रीटकडून उधार घ्यायच्या, कर्ज वाटायच्या, गठ्ठा विकायच्या, पुन्हा उधार घ्यायच्या. त्यांना सीआरए लागूच नव्हता. फेडने नंतर मोजलं तर 2005-06 मधल्या चढ्या व्याजाच्या कर्जांपैकी जेमतेम 6 टक्के कर्जं सीआरएखालच्या बँकांनी आपापल्या हद्दीत कमी उत्पन्नाच्या लोकांना किंवा वस्त्यांना दिलेली निघाली. शिवाय कायदा 1977 चा आणि फुगा 2004 चा. सत्तावीस वर्षं फटाका वात लागून पडून होता म्हणायचं का? हे चोर सोडून संन्याशाला फाशी आहे.

ग्लास-स्टीगल. अटलांटिक, हे तुमचं लाडकं, पण तेही या फाइलला लागत नाही. बेअर स्टर्न्स आणि लीमन निव्वळ गुंतवणूक बँका, 1999 च्या आधीही त्यांना हेच करता आलं असतं. वॉशिंग्टन म्युच्युअल जुन्या पद्धतीची बचत बँक. एआयजी विमा कंपनी. भिंत असती तरी हे सगळे असेच बुडाले असते. उलट 2008 मध्ये बेअर जेपी मॉर्गनच्या आणि मेरिल लिंच बँक ऑफ अमेरिकेच्या पदरात टाकता आली ती भिंत नव्हती म्हणून. आणि तिघे रिपब्लिकन म्हणता, तर सेनेटमध्ये तो अंतिम कायदा 90 विरुद्ध 8 ने मंजूर झाला आणि सही क्लिंटनची आहे. डेरिव्हेटिव्हचा 2000 चा कायदा मात्र खरा दोषी, तिथे तुमच्याशी सहमत. तोही क्लिंटननेच सही केला. 1998 मध्ये वायदे बाजाराच्या नियामक ब्रूक्स्ली बॉर्न बाई जीव तोडून सांगत होत्या की या बाजारावर लक्ष ठेवू द्या, तेव्हा त्यांना गप्प करणाऱ्यांत फेडचे अध्यक्ष ग्रीनस्पॅन यांच्यासोबत क्लिंटनचे अर्थमंत्री रुबिनही होते.

माझं म्हणणं वेगळं आहे. सगळे भांडतात ते झालेल्या कायद्यांवर. माझ्या फाइलमधलं प्रत्येक पाप थांबवायचा कायदा 1994 पासून अस्तित्वात होता. होईपा म्हणतात त्याला. अमेरिकन काँग्रेसने त्यात फेडला सरळ अधिकार दिला होता : गृहकर्जातल्या अन्यायकारक, फसव्या पद्धती बंद करणारे नियम करा. बँक असो, नसो, प्रत्येक कर्ज देणाऱ्यासाठी. म्हणजे "पुराव्याशिवाय उत्पन्न धरायचं नाही" आणि "हप्ता वाढल्यावर झेपेल का ते बघा" एवढे दोन नियम फेडला बसल्या जागी करता आले असते. फेडचेच एक गव्हर्नर, एडवर्ड ग्रॅमलिक, यांनी 2000 च्या सुमारास ग्रीनस्पॅनना सुचवलं होतं की बँकांच्या या कर्ज-उपकंपन्यांत तपासनीस पाठवा. नाही पाठवले. ते नियम शेवटी आले जुलै 2008 मध्ये. तोवर आमची खोली रिकामी होऊन वर्ष झालं होतं.

आता ग्रीनस्पॅन कुणाचे? रेगनने नेमले, थोरल्या बुशने ठेवले, क्लिंटनने ठेवले, धाकट्या बुशने ठेवले. ऑक्टोबर 2008 मध्ये वॅक्समन यांच्या समितीपुढे त्यांनी सांगितलं की कर्ज देणाऱ्या संस्था स्वतःच्या हितापोटी तरी सांभाळून वागतील असं आपण धरून चाललो होतो, आणि आता आपल्याला धक्का बसलाय. टीव्हीवर ते ऐकताना मला 4506-टी आठवला.

दुसरी गोष्ट राज्यांची, आणि इथे पक्ष स्पष्ट दिसतो. जॉर्जियाने 2002 मध्ये, डेमोक्रॅट गव्हर्नर बार्न्स यांच्या काळात, कडक कायदा केला. त्यातली कळ अशी की कर्ज पुढे कुणीही विकत घेतलं, तरी फसवणुकीबद्दल त्या खरेदीदारावरही दावा लावता येणार. म्हणजे वॉल स्ट्रीटपर्यंत हात पोचला. लगेच एस अँड पी या मानांकन संस्थेने सांगितलं की अशी कर्जं एकत्र बांधून काढलेल्या रोख्यांना आम्ही मानांकनच देणार नाही. बार्न्स तोवर निवडणूक हरले होते. नव्या रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळात, मार्च 2003 पर्यंत, ती कळ काढून टाकली गेली. मग जानेवारी 2004 मध्ये बुशच्या काळात ओसीसीने, म्हणजे राष्ट्रीय बँकांवर देखरेख करणाऱ्या खात्याने, नियम काढला की राष्ट्रीय बँकांना राज्यांचे असे कायदे लागू नाहीत. पन्नासच्या पन्नास राज्यांचे ॲटर्नी जनरल, म्हणजे दोन्ही पक्षांचे, विरोधात उभे राहिले. उपयोग शून्य. 2007 मध्ये सुप्रीम कोर्टानेही मिशिगन विरुद्ध वाकोव्हियाच्या खटल्यात बँकेच्या उपकंपन्यांना तीच सवलत दिली.

नाना विचारायच्या आत सांगते, माझ्या खोलीतल्या कंपन्या राष्ट्रीय बँका नव्हत्या, त्यांच्यावर राज्यांचेच कायदे होते. त्यामुळे एकट्या ओसीसीने घात केला असं मी म्हणत नाही. पण शेजारच्या बँकेला जो कायदा लागू नाही तो आम्हालाच का, असं म्हणायची सोय या कंपन्यांना झाली, आणि जॉर्जियाचे हाल बघून बाकीच्या राज्यांनी काय बोध घ्यायचा तो घेतला.

तेव्हा बाबा, वाटणी विचारलीत तर माझी अशी. सगळ्यात मोठा वाटा, अधिकार हातात असून न वापरणाऱ्यांचा. त्यात फेड पहिली, आणि 2001 ते 2006 मधले नियामक, ज्यांतले बरेच बुशने नेमले होते. दुसरा वाटा 1998 ते 2000 च्या डेरिव्हेटिव्ह प्रकरणाचा, त्यात क्लिंटनचे लोक आणि ग्रॅम भागीदार. फॅनी-फ्रेडी तिसरे. सीआरए यादीत नाही.

डॅलसचा_नाना

ताई, फाइलबद्दल मी बोलू शकत नाही, तुम्ही बघितल्यात. पण फॅनी-फ्रेडी 'तिसरे' म्हणून कोपऱ्यात बसवलेत ते मान्य नाही. दोघांकडे मिळून 5 ट्रिलियन डॉलरहून जास्त कर्जं, स्वतःची किंवा हमी दिलेली. करदात्याचे सुमारे 187 अब्ज त्यांत ओतले. इतका मोठा ग्राहक बाजारात "कमी उत्पन्नाची कर्जं आणा, आम्ही घेतो" म्हणत उभा असेल तर दुकानं निघणारच.

फाइलवाली

नाना, हा मुद्दा वजनदार आहे आणि बाबांच्या मुलाने हाच धरावा. त्याला आणखी धार देते. फॅनी-फ्रेडीने वॉल स्ट्रीटने बांधलेले सबप्राइम (पत कच्ची असलेल्यांच्या कर्जांचे) रोखेही अब्जावधींचे घेतले, त्यातले वरचे, ट्रिपल-ए म्हणजे सर्वोच्च मानांकनाचे भाग. आणि ते घेतलेले रोखे सरकारने ठरवून दिलेल्या परवडणाऱ्या घरांच्या हिश्शात धरता यायचे. म्हणजे सरकारी उद्दिष्ट गाठायला सबप्राइमचा आधार. हे डेमोक्रॅटांनी सुरू केलं आणि बुशच्या गृहनिर्माण खात्याने वाढवलं. 2002 मध्ये अटलांटात बुशने जाहीर केलं होतं की दशकाअखेर अल्पसंख्याकांचे 55 लाख नवे घरमालक करू, आणि 2003 मध्ये डाउन पेमेंटला मदतीचा कायदाही सही केला. तेव्हा 'सरकारचं गृहनिर्माण धोरण' म्हणताना मुलाने ते एका पक्षाच्या गळ्यात बांधू नये, समोरचे लगेच पकडतील.

पण माझ्या बाजूने एक गोष्ट. 2004 पासून बाजार फॅनी-फ्रेडीच्या हातातून निसटत होता. आमच्या खोलीतले गठ्ठे त्यांच्याकडे जातच नव्हते, त्यांचे नियम तेवढे सैल नव्हते. वॉल स्ट्रीट थेट घेत होती. हिस्सा गेला, भागधारक ओरडू लागले, आणि मग 2005 ते 2007 मध्ये हे दोघंही खालच्या दर्जाच्या कर्जांत उतरले, त्यातली अल्ट-ए कर्जं (पत बरी, पण कागदपत्रं अपुरी) तर बऱ्यापैकी पगारदारांची, गरिबांची नव्हेत. उशिरा आले आणि जास्त भाजले. पुढाकार कुणाचा आणि मागाहून धावत कोण आलं, यात फरक आहे.

2005 च्या विधेयकाचं : हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, रिपब्लिकन ऑक्सली यांचं विधेयक दोन्ही पक्षांच्या मतांनी मोठ्या फरकाने मंजूर झालं होतं. व्हाइट हाउसला ते पुरेसं कडक वाटलं नाही म्हणून पाठिंबा दिला नाही. सेनेटचं कडक होतं, ते सभागृहात आलंच नाही. आणि फ्रेडी मॅकने रिपब्लिकन सेनेटरांना वळवायला सल्लागार कंपनी नेमली होती, हे पुढे बातम्यांत आलंच. बार्नी फ्रँक तेव्हा अल्पमतात होते, त्यांच्या फाशांनी विधेयक पडणार नव्हतं.

वेगासचा_वाटसरू

सगळे वॉशिंग्टन आणि वॉल स्ट्रीट करताय, कर्ज घेणाऱ्यांना कुणीच काही म्हणत नाही. मी तेव्हा वेगासला होतो. आमच्या ऑफिसातल्या एकाने तीन घरं घेतली होती, तिन्ही अर्जांत लिहिलेलं की "मी स्वतः राहणार". एका वेळी तीन घरांत राहणारा माणूस! पुढे भाव निम्म्याहून खाली आले तेव्हा किल्ल्या बँकेला पोस्टाने पाठवून हा मोकळा. यात कुठला राजकारणी?

फाइलवाली

वाटसरू, बरोबर आहे, असे कैक होते आणि त्यांना गरीब बिचारे म्हणण्याची गरज नाही. ती फाइल ओळखायलाही सोपी असायची. नोकरी एका टोकाला, 'राहतं घर' गाडीने दीड तासावर, आणि आधीच्या घराची विमा पॉलिसी अजून 'मालक राहतो' प्रकारची. पण 3 दिलेली ती फाइलही माफच व्हायची. खोटं बोलणारा सगळ्या काळात असतो. तो खोटं बोलतोय हे लेखी कळल्यावरही त्याला पैसे देणारा एरवी नसतो.

राजकारणी हवाच असेल तर घ्या. अमेरीक्वेस्ट ही सबप्राइमची बडी कंपनी. जानेवारी 2006 मध्ये तिने 49 राज्यांशी 32 कोटी 50 लाख डॉलरची तडजोड केली. मालक रोलंड आर्नल बुशचे मोठे देणगीदार, त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये राजदूत म्हणून गेले. आणि त्याच उद्योगाच्या मूळ कंपनीच्या संचालक मंडळावर 2004 ते 2006 डेव्हल पॅट्रिक होते, ते पुढे मॅसॅच्युसेट्सचे डेमोक्रॅट गव्हर्नर झाले. दोन्हीकडे आळीमिळी गुपचिळी कशी होते ते यावरून बघा.

जर्सीकर_बाबा

ताई, नाना, सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाने सगळं वाचलं. त्याचे दोन प्रश्न आहेत. एक, चौकशी आयोगाने शेवटी कुणाला दोषी धरलं? दोन, बेलआउट कुणाचा, बुशचा की ओबामांचा? त्याच्या वर्गात सगळे ओबामांचा म्हणतात.

अटलांटिक

दुसऱ्याचं मी सांगतो. बँका वाचवायचा 700 अब्ज डॉलरचा कायदा, टार्प, बुशचा, अर्थमंत्री पॉल्सन यांनी मागितलेला. 29 सप्टेंबर 2008 ला हाउसमध्ये 205 विरुद्ध 228 मतांनी पडला. पाडणाऱ्यांत 133 रिपब्लिकन, 95 डेमोक्रॅट. म्हणजे स्वतःच्याच अध्यक्षाचं विधेयक त्याच्या पक्षाच्या बहुतेकांनी नाकारलं. शेअर बाजाराचा डाऊ निर्देशांक त्या दिवशी 777 अंकांनी कोसळला. 3 ऑक्टोबरला तेच, थोडी भर घालून, 263 विरुद्ध 171 ने मंजूर. ओबामा तेव्हा सेनेटर होते, त्यांनी बाजूने मत दिलं, मॅकेननेही दिलं. वर्गातल्या पोरांना बहुधा फेब्रुवारी 2009 आठवतो, कर्जदारांचे हप्ते हलके करायची ओबामांची योजना. तिच्यावरच शिकागोच्या बाजारात उभा राहून टीव्ही पत्रकार रिक सँटेली ओरडला होता आणि टी पार्टी या सरकारी खर्चाविरुद्धच्या चळवळीला तोंड फुटलं. बँका वाचवायला 700 अब्ज मंजूर झाले तेव्हा एवढा आवाज नव्हता, शेजाऱ्याच्या हप्त्याला मदत म्हटल्यावर लोक रस्त्यावर आले. हे मला आजही कळत नाही.

फाइलवाली

पहिल्याचं मी. आयोगात दहा सदस्य, डेमोक्रॅटांनी नेमलेले सहा, रिपब्लिकनांनी नेमलेले चार. जानेवारी 2011 च्या अहवालावर सहाच सह्या. नियमनातलं अपयश, वॉल स्ट्रीटची बेफिकिरी आणि अति कर्ज, असा त्या सहांचा निष्कर्ष. उरलेल्या चारांचं एकमत नाही, आणि मुलासाठी महत्त्वाचं हेच आहे. पीटर वॉलिसन एकटे म्हणाले की सरकारचं गृहनिर्माण धोरण हेच मूळ कारण. बाकीच्या तीन रिपब्लिकनांनी वेगळी असहमती लिहिली आणि त्यात एका कारणावर सगळं टाकणं नाकारलं. त्यांचा एक प्रश्न असा होता की मग स्पेन, ब्रिटन, आयर्लंड इथेही घरांचे फुगे कसे आले? तिथे तर सीआरए नव्हता की फॅनी मे नव्हती.

समोरची टीम जरा जरी तयारीची असेल तर हा प्रश्न विचारणारच. म्हणून मुलाने "सरकारी धोरणामुळे फुगा आला" असं म्हणूच नये, तिथे तो अडकेल. त्याने म्हणावं : फुगा पैशाने आला, पण अमेरिकेत त्यातून एवढं नुकसान झालं कारण घरमालकीचा टक्का वाढताना दिसत होता आणि तो कुणालाच थांबवायचा नव्हता. 2004 मध्ये तो 69.2 पर्यंत गेला होता, आजवरचा उच्चांक. क्लिंटनलाही त्याचं श्रेय हवं होतं आणि बुशलाही. त्या आकड्यासाठी नियामकांनी कर्जाच्या दर्जाकडे डोळेझाक केली. हे गृहनिर्माण धोरणच झालं, आणि मलाही ते नाकारता येणार नाही.

एक बारीक गोष्ट. नानांनी दिलेला 56 टक्क्यांचा आकडा 2008 चा आहे. 2004 पर्यंतच्या काळासाठी 2001 चा 50 च वापरायला सांगा, नाहीतर पहिल्याच फेरीत तारखेवरून पकडतील.